उदार गव्हर्नरचे बंद दार

सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त आमच्या चौसाळ्यात मध्यंतरी एक सभा झाली. धुळे-सोलापूर महामार्गाच्या काठचे हे गाव काही व्याख्यानमालांसाठी प्रसिद्ध नाही. त्यामुळे एकाच मांडवात दोन वक्ते लाभले, याचेच सर्वांना अप्रूप होते. पहिले वक्ते सरकारी सेवेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा उदार गव्हर्नर मुंबईस लाभला नसता, तर गोरगरिबांच्या हाती पाटी कधी आलीच नसती, असे त्यांचे प्रतिपादन. दुसरे वक्ते तरुण आणि तापट. गव्हर्नर आणि मिशनरी एकाच जहाजातून उतरले, एकाने राज्य घेतले, दुसरा धर्म घेऊ लागला, आणि शाळा हे त्या दोघांचे सामाईक जाळे होते, असा त्यांचा सिद्धान्त. तो मांडताना त्यांची दृष्टी पहिल्या रांगेत बसलेल्या प्रस्तुत लेखकावर खिळली होती. गावात ख्रिस्ती म्हणून ओळखला जाणारा माणूस समोर असला की अशा वाक्यांना आपोआप धार चढते. टाळ्या मात्र दोघांनाही सारख्याच पडल्या.

सभा उठल्यावर मांडवाच्या तोंडाशी शेजारच्या वस्तीवरील एक मावशी भेटल्या. त्यांनी दोन्ही भाषणे अगदी मन लावून ऐकली होती. म्हणाल्या, "गुरुजी, त्या सायबानं आमच्यासाठी बी साळा काढली व्हती का ओ?"

"नाही, मावशी. तुम्हांला पुढं घेताना जपून राहावं, असंच त्यानं लिहून ठेवलंय."

त्यांचा विश्वास बसला नाही. तसा तो कोणाचाच बसत नाही. हा लेख मावशींसाठी नाही, कारण त्यांना वाचता येत नाही. तो त्या दोन विद्वान वक्त्यांसाठी आहे, आणि त्यांना टाळ्या देणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे. दोघे वक्ते परस्परांचे कट्टर विरोधक. परंतु दोघांच्या बोलण्याचा पाया एकच. गव्हर्नरने समाजाच्या तळच्या माणसासाठी शाळेचे दार उघडले, असे दोघेही धरून चालतात. एकाला त्याबद्दल कृतज्ञता वाटते, दुसऱ्याला संशय. आमचे म्हणणे असे की, ते दार त्याने उघडलेच नव्हते. विचारपूर्वक, कारणे लिहून, त्याने ते लोटून घेतले होते.

एल्फिन्स्टनचे चरित्र आकर्षक आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे. स्कॉटलंडमधील एका लॉर्डच्या घरी १७७९ मध्ये जन्मलेला हा मुलगा १७९६ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी कलकत्त्यास उतरला. १७९९ मध्ये बनारसला वजीर अलीच्या माणसांनी इंग्रजांची कत्तल केली, तीतून तो थोडक्यात बचावला. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणांगणावर तो वेलस्लीच्या सोबत होता; ती असई आपल्याच मराठवाड्यात, आजच्या जालना जिल्ह्यात आहे. पुढे नागपूरची रेसिडेन्सी, १८०९ मध्ये पेशावर येथे अफगाण अमीर शाह शुजाची भेट, त्या मोहिमेवरचा १८१५ चा ग्रंथ, आणि १८११ पासून पुण्याची रेसिडेन्सी. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरास झालेला खून, त्रिंबकजी डेंगळ्यांची अटक आणि पलायन, जून १८१७ चा पुणे करार, या सर्व प्रकरणांत समोरच्या बाजूला हाच मनुष्य उभा असलेला दिसतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा संगमावरील त्याचा बंगला आणि त्यातला ग्रंथसंग्रह जळून गेला. पेशवाई बुडाल्यावर तो दख्खनचा आयुक्त झाला आणि १८१९ ते १८२७ अशी आठ वर्षे मुंबईचा गव्हर्नर. पुढे गव्हर्नर-जनरलचे पद त्याला देऊ केले असता त्याने ते नाकारले. अविवाहित राहून ग्रंथांत रमला, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८५९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडातील सरे परगण्यात वारला. मुंबईच्या नागरिकांनी तो जाताना वर्गणी गोळा केली आणि तिच्यातून त्याच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले.

असा विद्याव्यासंगी, निर्लोभी माणूस कोणाला आवडणार नाही? त्याच्याविषयी ब्रिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक आठवण सांगून ठेवली आहे. तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने विचारले, ही कशासाठी? एल्फिन्स्टनने उत्तर दिले, एतद्देशीयांना शिकविण्यासाठी; मात्र हीच आपली युरोपास परत जाण्याची वाट आहे. ही आठवण आपल्याकडील वक्ते फार रंगवून सांगतात. स्वतःच्या सत्तेचा अंत स्वतःच्या हाताने लिहिणारा राज्यकर्ता! श्रोते गहिवरतात. त्या ढिगातली पुस्तके कोणाच्या मुलांच्या हाती जायची होती, हे विचारण्याचे मात्र कोणालाच सुचत नाही.

आणखी एक गोष्ट हे वक्ते सांगत नाहीत. पेशवाई बुडाल्यानंतर पुणे व सातारा येथील युरोपियनांना ठार मारण्याचा एक कट उघडकीस आला. एल्फिन्स्टनने त्याच्या सूत्रधारांना तोफेच्या तोंडी दिले. मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर नेपिअन याने त्याच्या धडाडीचे कौतुक केले, परंतु या कृत्यास कायद्याचे संरक्षण मागून घ्यावे असे सुचविले. एल्फिन्स्टनने ते नाकारले: चूक केली असेल तर मला शिक्षा व्हावी, बरोबर केले असेल तर संरक्षणाची गरज नाही. या बाणेदारपणावर लुब्ध होणारे चरित्रकार पुष्कळ आहेत. तोफेपुढे बांधलेल्या माणसांना मात्र बाणेदार उत्तर देण्याची संधी नव्हती. उदारमतवादाची ही बाजू नजरेआड करून पुढे जाता येत नाही. तरी आमचा मुख्य आक्षेप तोफेवर नाही. जेत्याने तोफ डागावी, यात नवल ते काय? आमचा आक्षेप टाकावर आहे.

एल्फिन्स्टनचे सारे राज्यशास्त्र एका भीतीवर उभे होते. पेशव्यांच्या मुलखात ज्यांच्या हाती विद्या, वतने आणि मान होता, ते वर्ग बिथरले तर मूठभर इंग्रजांचे राज्य टिकणार नाही. म्हणून सरदारांच्या जहागिरी शक्यतो राखल्या, साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांना बसविले, पेशवेकालीन दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा उघडली, ती शास्त्राध्ययनासाठी, आणि अर्थातच ज्यांना शास्त्राध्ययनाचा अधिकार होता अशा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. येथपर्यंत त्याला आपण धोरणी म्हणू शकतो.

डिसेंबर १८२३ मध्ये त्याने शिक्षणावर एक दीर्घ टिपण लिहिले. मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा पाया म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. देशी शाळा सुधाराव्यात, त्यांची संख्या वाढवावी, मराठी-गुजराती पुस्तके छापावीत, अशा अनेक सूचना त्यात आहेत. खालच्या वर्गांना शिक्षणाचे काही आकर्षण दाखवावे, असेही एक कलम आहे. न्यायाची बाजू म्हणून आम्ही ते येथे नोंदवतो. परंतु त्याच टिपणात पुढे एक परिच्छेद येतो, आणि तो वाचल्यावर हे कलम केवळ कागदावर उरते. त्याचा आशय असा. मिशनऱ्यांना असा अनुभव येतो की, अगदी खालच्या जातींची मुले सर्वांत उत्तम विद्यार्थी ठरतात. तथापि अशा लोकांना खास उत्तेजन देताना आपण फार जपले पाहिजे. ते सर्वांत तिरस्कृत आहेत, एवढेच नव्हे, तर समाजाच्या मोठ्या विभागांत संख्येनेही थोडे आहेत. आपल्या शिक्षणाचे मूळ प्रथम त्यांच्यात रुजले, तर ते पुढे पसरणारच नाही. उपयुक्त ज्ञानात इतरांहून वरचढ, परंतु इतर जातींच्या द्वेषाचा विषय झालेला एक नवा वर्ग निर्माण होईल आणि आपण त्याचे पुढारी ठरू. आपली सत्ता नुसत्या सैन्यावर किंवा प्रजेच्या एका भागाच्या निष्ठेवर उभी करायची असती, तर तेही चालले असते. ती अधिक व्यापक पायावर उभी करायची असेल, तर ते परवडणारे नाही.

हा आशय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. यात अज्ञान कोठेच नाही. महार, मांग, चांभार यांची मुले बुद्धीने कमी आहेत, असे हा गव्हर्नर म्हणत नाही. तसे तो म्हणता, तर त्याच्या काळाचा दोष मानून आपण त्याला क्षमा केली असती. ती मुले सर्वांत हुशार निघतात, असा पुरावा त्याच्यापुढे आहे आणि तो पुरावा त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. त्यानंतर त्याने ‘तथापि’ हा शब्द लिहिला. त्या एका ‘तथापि’ने इलाख्यातील किती पिढ्यांना शाळेच्या पायरीवर बसवून ठेवले, याचा हिशेब आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कोठे सापडतो?

या धोरणाला पुढे पाझराचे तत्त्व असे गोंडस रूप मिळाले. वरच्या वर्गांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. आमच्या बीड जिल्ह्यातील माणसाला पाझर तलाव म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. बुडाशी गाळाचा थर बसला की कितीही पाणी साठवा, खालच्या विहिरींना ओल पोहोचत नाही. पाणी वर वाफ होऊन जाते आणि तलावाच्या काठची शेते तेवढी हिरवी राहतात. पुढील पिढीत इलाख्याच्या शिक्षण मंडळाने आपल्या अहवालात एल्फिन्स्टनच्या याच इशाऱ्याचा आधार घेतला. गुरूने एकदा लिहिले, शिष्यांना तो वेद झाला.

आता कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवावा. १ जानेवारी १८१८ ची लढाई एल्फिन्स्टन दख्खनमध्ये असतानाची. स्तंभाची पायाभरणी १८२१ मधली, म्हणजे तो गव्हर्नर असतानाची. त्या दगडावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी महार सैनिकांची नावे अनेक आहेत. दगडावर ज्यांची नावे कोरण्यास सरकारला संकोच वाटला नाही, त्यांच्या भाऊबंदांच्या मुलांची नावे गावच्या शाळेच्या हजेरीपटावर लिहिण्यास दोनच वर्षांनी त्याच सरकारचा हात आखडला. पलटणीच्या छावणीत मात्र सैनिकांच्या मुलांना शिकता येत होते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. छावणीत सरकारला कोणाच्या रुसव्याची भीती नव्हती, म्हणून तेथे शाळा होती. गावात ती भीती होती. हुशारीचा, लायकीचा किंवा धर्माचा प्रश्न दोन्ही ठिकाणी नव्हताच.

दुसऱ्या वक्त्यांच्या जहाजाकडेही वळले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. व्यापाराला आणि शांततेला त्यांच्यापासून धोका आहे, असे ती मानी. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा गव्हर्नर नेपिअनच्या सरकारने त्यांना परत पाठविण्याची तयारी केली होती. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मिळाली, ती लंडनच्या पार्लमेंटकडून. एल्फिन्स्टनने तर सरकारी शिक्षण आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ होऊ नये, असे वारंवार बजावले. आमचा तरुण मित्र ज्या संगनमताची गोष्ट सांगतो, त्यातला एक भागीदार दुसऱ्यापासून चार हात दूर राहण्याचीच खटपट करीत होता. वसईच्या परिसरातील आपले बांधव तर इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर मराठ्यांच्या राज्यातही ते ख्रिस्तीच राहिले. त्यांना ख्रिस्ती करण्यासाठी मुंबईच्या गव्हर्नरच्या जहाजाची गरज पडली नव्हती.

तरीही आपल्या घरात जरा डोकावून पाहू. उगाच अंग झटकून मोकळे होणे शोभणार नाही. नगरला १८३१ पासून शाळा काढल्या त्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनने. त्या मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली. त्याच काळात मुंबईतील आपले कॅथलिक लोक काय करीत होते? १७९४ पासून तेथे पाद्रोआदो आणि प्रोपागांदा अशी दोन अधिकारक्षेत्रे झाली होती आणि कोणते देऊळ कोणाचे, या वादात आपली निम्मी शक्ती जात होती. नगर जिल्ह्यातील खेड्यांत आपले धर्मगुरू पोहोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात. आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा मुंबईच्या आपल्याच बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव आवडीने धारण केले. कंपनीच्या आणि सरकारच्या नोकऱ्यांत आपण आधीचे, हे दाखविण्याचा हेतू त्यात होता. तेव्हा साहेबाच्या सावलीत उभे राहण्याचा मोह आपल्याला कधीच झाला नाही, असे म्हणण्याची सोय नाही. आजही आपल्या एखाद्या स्मरणिकेत इंग्रजांनी आणलेल्या ज्ञानगंगेचे स्तोत्र छापले जाते. ते लिहिणाऱ्याने एल्फिन्स्टनचे टिपण एकदा वाचावे, म्हणजे ती गंगा कोणत्या वस्त्यांना वळसा घालून गेली, हे त्याला कळेल.

महाराष्ट्राच्या इतिहासात काका-पुतण्याची जोडी सहसा शुभ ठरत नाही. एल्फिन्स्टनच्या बाबतीतही तेच झाले. त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. १८५६ च्या जूनमध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत त्याला प्रवेश नाकारला होता. अर्ज अगदी साधा: शाळा सरकारी आहे, मला तीत शिकायचे आहे. त्यावर सरकारचा निर्णय झाला तो असा की, तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूस आहे. परंतु युगानुयुगांचे पूर्वग्रह एकाएकी मोडता येत नाहीत आणि एका मुलासाठी ती शाळा इतर सर्वांना निरुपयोगी करणे इष्ट नाही. न्याय तुझा, शाळा त्यांची! काकांनी टिपणात मांडलेले गणित पुतण्याच्या सरकारने तंतोतंत सोडवून दाखविले. काका तेव्हा इंग्लंडात हयात होता.

हे प्रकरण कलकत्त्यास गेले. हिंदुस्थान सरकारने १८५७ च्या आरंभी कळविले की, मुंबई सरकारने स्थानिक परिस्थितीत कदाचित शहाणपणा केला असेल, पण बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या संचालकांनीही सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले आणि मुंबई सरकारला ते जाहीर करावे लागले. जाहीर झाले, आणि तेथेच राहिले. पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, हे आपण सर्व जाणतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड हे रेल्वे स्थानक पुतण्याच्या नावाचे. महाविद्यालय काकांच्या नावाचे. २०१८ साली स्थानकाचे नाव प्रभादेवी असे बदलले, तेव्हा नाव बदलू नये म्हणणाऱ्या कित्येकांनी शिक्षणप्रेमी गव्हर्नरच्या स्मृतीचा दाखला दिला. बदलाच्या बाजूचे लोक गुलामीची खूण पुसली म्हणून आनंदले. आपण कोणाचे नाव राखीत आहोत वा पुसत आहोत, हे दोन्हींकडील फार थोड्यांना ठाऊक असावे. त्या गदारोळात धारवाडच्या मुलाची आठवण कोणालाही झाली नाही. एखाद्या पायरीला, एखाद्या बाकाला त्याचे नाव द्यावे, असेही कोणी सुचविले नाही.

यावर एक ठरलेला बचाव येतो. माणूस आपल्या काळाचे अपत्य असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरला आजची फूटपट्टी लावू नये. ठीक आहे, त्याच काळाची फूटपट्टी लावू. त्याच्या टिपणातील मिशनरी त्याच्याच काळातले होते आणि ते त्या मुलांना शिकवीत होते. पुतण्याच्या बाबतीत तर हा बचाव मुळीच टिकत नाही. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा निघाली होती. त्यापाठोपाठ महार-मांगांसाठी शाळा निघाल्या. १८५२ मध्ये त्याच विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांना शाल अर्पण करून त्यांचा सत्कार केला. १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतील मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर एकच वर्ष लोटले आणि सरकारने धारवाडच्या मुलाला परत पाठविले. जे एका माळ्याच्या मुलाला आणि त्याच्या पत्नीला विनासैन्य, शेणगोळ्यांच्या माऱ्यात जमले, ते तोफखाना बाळगणाऱ्या गव्हर्नरला काळामुळे जमले नाही, असे म्हणणे हा त्या काळावरच अन्याय आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हीच तक्रार मांडली: शेतसारा भरतो कुणबी, आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुले.

आता चौसाळ्याकडे येऊ. कारण वाचक म्हणतील, मुंबईच्या गव्हर्नरचा आणि तुमच्या गावाचा संबंध काय? संबंध असा की, काहीच नव्हता. आमचा मुलूख निजामाचा. बऱ्याच अंतरापर्यंत सीना नदी हीच दोन राज्यांची सरहद्द. पलीकडे नगरच्या बाजूला गव्हर्नरचा अंमल, अलीकडे हैदराबादचा. १७९५ साली ज्या खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ते खर्डा आमच्यापासून फार दूर नाही. तथापि त्या विजयानंतरही बीडचा हा भाग शेवटी निजामाकडेच राहिला. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव उठला, तेव्हा त्याला मोडण्यासाठी फौज आली ती हैदराबादहून, इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची. गव्हर्नरचे टिपण येथे कधी पोहोचले नाही. सालारजंगाच्या कारकिर्दीत जिल्हे आखले गेले, कचेऱ्या आल्या, पुढे उर्दू माध्यमाच्या काही शाळाही आल्या. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या भागातील खेड्यांत शिक्षण हे दुर्मिळच राहिले.

सीनेच्या या काठावर मागासलेला म्हणून हिणवला गेलेला निजाम. त्या काठावर उदार म्हणून पूजला गेलेला गव्हर्नर. मग दोन्ही काठांवरच्या महारवाड्यांतले पोर सारखेच निरक्षर कसे राहिले? सरदारांच्या आणि भटजींच्या मुलांच्या बाबतीत दोन काठांत जमीन-अस्मानाचा फरक पडला, हे खरे. पुण्या-नगरला वकील, मामलेदार, संपादक निर्माण झाले, तसे बीड-धाराशिवला झाले नाहीत. पण ज्या मावशींनी प्रश्न विचारला, त्यांच्या पणजोबांना नदीच्या कोणत्या काठावर जन्म घेतल्याने काय लाभ झाला असता? मिशनची किंवा फुल्यांच्या माणसांची शाळा जवळ असती तर झाला असता. गव्हर्नरमुळे नव्हे. पहिल्या वक्त्यांनी याचे उत्तर द्यावे. आम्ही त्यांना पत्र लिहून हे विचारले आहे. उत्तर आलेले नाही.

डॉ. आंबेडकरांना हे सर्व ठाऊक होते. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाविषयी त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात एल्फिन्स्टनचे टिपण आणि धारवाडचे प्रकरण ही दोन्ही पुराव्यादाखल दिली आहेत. म्हणजे शंभर वर्षे होत आली, हा कागद उघड आहे. जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांना हार घालणाऱ्या आमच्या वक्त्यांनी त्यांचे निवेदन उघडून पाहिले असते, तर एल्फिन्स्टनला घालण्यासाठी दुसरा हार त्यांनी आणला नसता.

हा जुना कागद उकरण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. एल्फिन्स्टनच्या परिच्छेदातील एक कारण आपण सहज वाचून पुढे जातो: ते लोक संख्येने थोडे आहेत. धारवाडलाही तेच कारण: एका मुलासाठी. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या सरकारी शाळांचे समूह शाळांत समायोजन करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात पुढे आला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ पुन्हा संख्येचाच हिशेब मांडला गेला. कमी पटाच्या शाळा असतात कोठे? तांड्यांवर, पाड्यांवर, वस्त्यांवर. आणि पट कमी का असतो? आमच्या बालाघाटाच्या पठारावरून दसऱ्यानंतर कोयते घेऊन टोळ्या निघतात आणि सीना ओलांडून नगर-सोलापूरच्या कारखान्यांकडे, तेथून पुढे कोल्हापूर-कर्नाटकाकडे जातात. मुले बरोबर जातात. हजेरीपटावर नाव राहते, बाकावर मूल राहत नाही. मग साहेबांच्या पाहणीत संख्या थोडी भरते, आणि थोड्यांसाठी शाळा कशाला, हा प्रश्न अगदी सभ्य भाषेत विचारला जातो.

मावशी परवा पुन्हा भेटल्या. त्यांची नात यंदा पाचवीत गेली. मुकादमाची उचल घरात घेऊन झाली आहे. पोरीने आजीजवळ राहावे की आई-बापांबरोबर फडावर जावे, यावर घरात रोज बोलणे चालू आहे. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, त्या सायबाचा कागुद हाय म्हंता, तर त्यो माज्या ल्योकाला वाचून दावा एकदा." येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.